अंगठी, शेत आणि गाण्यातली 'मी'

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाने एम.ए.च्या वर्गात 'निवेदक' ही संकल्पना शिकवताना एक वेगळाच खटाटोप केला. कथा-कादंबऱ्यांतील ठरीव उदाहरणे बाजूला ठेवून त्याने वर्गात सहा मिनिटांचे एक गाणे वाजवले. गाणे इंग्रजीतले, अमेरिकेतील कंट्री परंपरेतले. गायिका मार्गो प्राइस आणि गाण्याचे नाव 'हँड्स ऑफ टाइम'. गाणे संपल्यावर पहिला प्रश्न आला तो असा : "सर, हे सगळे तिच्या आयुष्यात खरेच घडले आहे का?" शिक्षकाने घडले आहे असे सांगितले. तेवढ्यावर न थांबता, हा अल्बम ध्वनिमुद्रित करण्यासाठी तिच्या नवऱ्याने मोटार विकली, तिने लग्नातली अंगठी गहाण टाकली आणि तयार झालेला अल्बम अनेक रेकॉर्ड कंपन्यांनी नाकारला, हेही सांगितले. वर्ग हळहळला. मात्र त्यानंतर तास संपेपर्यंत गाण्याविषयी कोणी अक्षर काढले नाही. निवेदक बिचारा फळ्यावर तसाच राहिला.

हा प्रसंग आम्ही आपसांत बरेच दिवस चघळत होतो. चूक विद्यार्थ्यांची नव्हतीच. विचारलेला प्रश्न स्वाभाविक होता आणि उत्तरही खोटे नव्हते. तरीही त्या उत्तराने गाण्याचे दार लावून घेतले, असे आम्हांस वाटत राहिले. ज्या कलाकृतीभोवती कलावंताच्या हालअपेष्टांची कथा दाट विणलेली असते, तिच्या वाट्याला सहानुभूती भरपूर येते आणि वाचन फार थोडे येते. प्राइसच्या पहिल्या एकल अल्बमचे नेमके हेच झाले आहे, असे आमचे मत आहे. अंगठीच्या कथेने तो अल्बम घरोघरी पोचवला आणि त्याच कथेने त्यातली कारागिरी झाकून टाकली.

आधी हकीकत. मार्गो प्राइसचा जन्म १९८३ सालचा, इलिनॉय राज्यातल्या अलीडो या लहान गावातला. घराणे शेतकऱ्यांचे. ती दोन वर्षांची असताना कुटुंबाची शेती गेली आणि वडिलांनी तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी धरली. विसाव्या वर्षी, २००३ मध्ये, महाविद्यालय अर्धवट सोडून ती नॅशव्हिलला आली. पडेल ती कामे केली. नवरा जेरेमी आयव्ही याच्यासह 'बफेलो क्लोव्हर' नावाचा वाद्यवृंद चालवला, अल्बमही काढले. त्यांची विशेष दखल कोणी घेतली नाही. २०१० मध्ये तिला जुळे मुलगे झाले. त्यांतला एक हृदयाच्या विकाराने दोन आठवड्यांत गेला. नंतरचा काळ दारूचा, नैराश्याचा. एका शनिवार-रविवारी तुरुंगाचीही वारी घडली. पुढे स्वतःच्या नावाने अल्बम करायचे ठरले तेव्हा पैसे नव्हते, म्हणून ती मोटार आणि ती अंगठी. मेम्फिसच्या सन स्टुडिओत तीन दिवसांत ध्वनिमुद्रण झाले. शेवटी जॅक व्हाइट याच्या 'थर्ड मॅन रेकॉर्ड्स' या स्वतंत्र कंपनीने अल्बम स्वीकारला आणि २५ मार्च २०१६ रोजी 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर' या नावाने तो बाजारात आला. रेडिओवर एकही गाणे गाजलेले नसताना तो बिलबोर्डच्या कंट्री अल्बमांच्या यादीत दहाव्या क्रमांकावर दाखल झाला. दोन आठवड्यांनी, ९ एप्रिलला, ती 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गात होती.

अशी हकीकत हाती आल्यावर कोणता समीक्षक मोह आवरील? २०१६ मधल्या परीक्षणांचा साचा साधारण सारखा दिसतो : प्रथम शेत, मग मूल, मग दारू, मग अंगठी, आणि अखेरच्या परिच्छेदात आवाज कोणासारखा लागतो याची नावे. 'अस्सल' हा शब्द हटकून येतो. कंट्री संगीताच्या व्यवहारात हा शब्द नाण्यासारखा चालतो आणि नाण्यासारखाच घासून गुळगुळीत झाला आहे.

तिच्या संगीताला 'अमेरिकाना' म्हणण्याची रीत आहे. हा शब्दही पाहण्याजोगा आहे. कानाला तो पुरातन, मातीतून उगवलेला वाटतो. संगीतप्रकाराचे नाव म्हणून मात्र तो १९९५ साली एका रेडिओ-व्यवसायाच्या नियतकालिकाने सुरू केलेल्या यादीमुळे रुळला. कंट्री रेडिओ ज्यांना वाजवीत नव्हता आणि रॉकच्या केंद्रांना जे फार गावरान वाटत होते, अशा गायकांना एका छपराखाली आणण्याची ती सोय होती. १९९९ मध्ये त्याची संघटना झाली, २०१० मध्ये ग्रॅमीत त्याला स्वतंत्र पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या नावातून परंपरेचा सुगंध येतो, ते नाव नाकारलेल्यांच्या सोयीसाठी कार्यालयात बसून तयार केले गेले. यात आम्हांस काही गैर वाटत नाही. परंपरांची नावे बहुधा अशीच पडतात. पण 'अस्सल' म्हणताना आपण कशाला अस्सल म्हणतो आहोत, याचा थोडा विचार व्हावा एवढेच.

आता अल्बमच्या नावाकडे वळू, कारण कारागिरीचा पहिला पुरावा तिथेच आहे. 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर' म्हणजे मध्य-पश्चिमेतल्या शेतकऱ्याची लेक. कंट्री संगीताच्या श्रोत्याला त्यात लगेच लोरेटा लिन हिचे 'कोल मायनर्स डॉटर' ऐकू येते. खाणकामगाराची लेक असल्याचा अभिमान मिरवणारे १९७० चे हे गाणे पुढे लिनच्या आत्मचरित्राचे आणि १९८० मधल्या चित्रपटाचेही नाव झाले. ज्या जॅक व्हाइटच्या कंपनीने प्राइसला आधार दिला, त्यानेच २००४ मध्ये वृद्ध लिनचा 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम निर्माण केला होता. तेव्हा वारसा सांगितला आहे हे उघडच. परंतु या शब्दसंहतीचा दुसराही उगम आहे आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. बीच बॉइज या वाद्यवृंदाच्या १९६५ सालच्या 'कॅलिफोर्निया गर्ल्स' या गाण्यात निरनिराळ्या प्रांतांतल्या मुलींची रसिक पाहणी आहे. तीत मध्य-पश्चिमेतल्या शेतकऱ्यांच्या मुलीही एका ओळीत येऊन जातात. पुरुषाला त्या कशा सुखावतात, एवढेच त्यांचे काम. प्राइसच्या शीर्षकात हे दोन्ही आवाज एकाच वेळी आहेत. एका बाजूस बापाच्या कष्टावर हक्क सांगणारी लेक, दुसऱ्या बाजूस परक्या पुरुषाच्या यादीतली एक नग. जी यादीत होती तिने आता तोंड उघडले आहे, असे हे शीर्षक सुचवते. त्यात आणखी एक वक्रोक्ती दडलेली आहे. लिनचा बाप गाण्यात खाणकामगारच राहतो. प्राइसचा बाप गाण्याच्या आरंभीच शेतकरी राहत नाही. नाव शेतकऱ्याच्या लेकीचे, आणि शेत पहिल्याच गाण्यात नाहीसे होते.

तेच ते गाणे, 'हँड्स ऑफ टाइम'. वरवर पाहता ते जन्मापासून आजवरचे सरळ कथन आहे. घर सोडले, शहरात आले, गाऊ लागले, माणसांनी फसवले, संसार झाला, मूल गेले, अजून उभी आहे. या सांगाड्यात नवीन काही नाही. कंट्रीत अशी शेकड्याने गाणी असतील. पण ती काय गाळते आणि काय ठेवते, हे पाहू लागलो की गाणे बदलते.

आरंभीच ती आपल्या खिशातली रक्कम सांगते. सांगण्याची तऱ्हा मात्र उलटी आहे. जवळ किती आहेत असा तिचा हिशेब नाही. कंगाल होण्यापासून आपण किती डॉलर दूर आहोत, अशा रीतीने ती मोजते. आकडा आहे सत्तावन्न. अर्थ तोच, तरी मोजणारे मन निराळे. पहिल्या पद्धतीने मोजणारा शिल्लक पाहतो, दुसऱ्या पद्धतीने मोजणारा कडा पाहतो. दारिद्र्याचे वर्णन करणारी विशेषणे तिने एकही वापरलेली नाहीत, आणि त्यांची गरजही उरत नाही.

मग शेत. ऐंशीच्या दशकातले अमेरिकेतले शेतीसंकट हा इतिहासाचा मोठा विषय आहे. सत्तरच्या दशकात निर्यात वाढत होती आणि जमिनीचे भाव चढत होते, तेव्हा शेतकऱ्यांना विस्तारासाठी कर्जे घेण्यास उत्तेजन मिळाले. पुढे महागाई रोखण्यासाठी व्याजदर चढवले गेले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ कर्जदर २१.५ टक्क्यांवर गेला होता. त्याच वर्षी सोव्हिएत रशियाला धान्य विकण्यावर निर्बंध आले. भाव पडले, जमिनीची किंमत पडली, आणि तारणापेक्षा कर्ज मोठे झाले. कित्येक कुटुंबांच्या पिढीजात शेतांचे लिलाव झाले. विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प यांनी या शेतकऱ्यांसाठी 'फार्म एड' ही पहिली मैफल भरवली ती २२ सप्टेंबर १९८५ रोजी, इलिनॉयमधल्याच शँपेन गावी. तेव्हा मार्गो दोन वर्षांची होती.

गाण्यात यांतले काहीही नाही. व्याजदर नाही, रशिया नाही, बँकसुद्धा नाही. दोन वर्षांच्या मुलीला जेवढे कळले असेल आणि पुढे घरातल्या बोलण्यातून जेवढे झिरपले असेल, तेवढेच आहे : शेत गेले आणि बाप तुरुंगात दुसऱ्या पाळीला कामाला जाऊ लागला. ज्यांनी घेतले त्यांना नाव नाही, ते नुसते 'ते' आहेत. आम्हांस हे सर्वनाम फार महत्त्वाचे वाटते. राजकीय गाणे लिहिणाऱ्या कवीने इथे शत्रूचे नाव घेतले असते आणि श्रोत्याने समाधानाने मान डोलावली असती. नाव न घेतल्याने तो शत्रू लेकीच्या नजरेतून दिसतो : मोठा, बिनचेहऱ्याचा, वडिलांहूनही मोठा. दुसऱ्या पाळीचा उल्लेखही तसाच. बाप दुसऱ्या पाळीला जातो म्हणजे मुलीच्या जागेपणी तो घरी नसतो. हे गाणे सांगत नाही, श्रोत्याने समजून घ्यायचे आहे.

तिसरी गोष्ट मुलाची. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण कलेविषयी बोलायचे तर टाळता येत नाही. वस्तुस्थिती अशी की मुलगे जुळे होते आणि त्यांतला एक वाचला. गाण्यात मुले झाल्याचे येते, पहिले मूल गेल्याचे येते. जुळेपणाचा शब्दही नाही. जुळे म्हटले असते तर श्रोत्याचे मन लगेच वाचलेल्या बाळाकडे धावले असते, दुःखाची विभागणी झाली असती, काही दिलासा, काही कुतूहल. 'पहिले मूल' म्हटल्यावर दिलाशाला वाव राहत नाही. सत्याला बाध येत नाही. सत्यातला एक तपशील केवळ उचलून बाजूला ठेवला आहे. शिवाय या मृत्यूला गाण्यात जागा किती? जेमतेम एका वाक्याची, आणि त्यामागून देवाला उद्देशून एक प्रश्न. शेतावर आणि पैशांवर अधिक ओळी खर्ची पडल्या आहेत. आमच्या वर्गातल्या शिक्षकाने सांगितलेल्या हकीकतीत प्रमाण नेमके उलटे होते.

ध्रुपदात ती पुन्हा पुन्हा एकच इच्छा बोलून दाखवते : थोडा पैसा करावा, शेत परत विकत घ्यावे, आईसाठी काही न्यावे, आणि घड्याळाचे काटे मागे फिरवावेत. पहिल्या तीन गोष्टी शक्य कोटीतल्या आहेत. चौथी अशक्य आहे. ती चारही एका दमात, एकाच सुरात म्हणते. पहिल्या कडव्यानंतर हे ध्रुपद तरुण मुलीच्या मनोराज्यासारखे लागते; मूल गेल्यानंतर तेच शब्द येतात तेव्हा मागे फिरवायचा काळ कोणता, हेच बदललेले असते. शब्द जवळपास तेच ठेवून कडव्यांनी ध्रुपदाचा अर्थ हलवायचा, हे लोकगीतांचे जुने कसब आहे. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी कान देऊन ऐकल्या आहेत, त्यांना ते नव्याने सांगायला नको.

सुदैवाने आता या आयुष्याची दुसरी संहिताही उपलब्ध आहे. २०२२ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्राइसचे आत्मकथन काढले, 'मेबी वी'ल मेक इट' या नावाचे. त्यात जुळी मुले आहेत, दारू आहे, नॅशव्हिलमधले हेलपाटे आहेत, सगळे तपशीलवार. पुस्तक प्रांजळ आहे, आणि काही ठिकाणी फार प्रभावी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातून एक दुर्मीळ संधी मिळते : तीच व्यक्ती, तेच आयुष्य, दोन घाट. पुस्तकातली 'मी' सगळे आठवू पाहते. गाण्यातली 'मी' मोजके आठवते आणि त्या मोजक्यातच पुन्हा पुन्हा फिरते. या दोन 'मी' एक नव्हेत. गाण्यातल्या 'मी'ला ताल सांभाळायचा आहे, यमक सांभाळायचे आहे आणि सहा मिनिटांत संपायचे आहे. ती पुस्तकातल्या 'मी'पेक्षा कठोर निघाली यात नवल नाही.

इथे आपल्याकडच्या एका सवयीचा उल्लेख करावासा वाटतो. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले. त्या पुस्तकाच्या अनुभवाच्या दाहकतेविषयी किती लिहिले गेले, याची गणती नाही, आणि ते योग्यच होते. पण त्या पुस्तकाची रचना अशी आहे की दगडू मारुती पवार हा दया पवाराला आपली कहाणी सांगतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग होतात, एक बोलतो आणि दुसरा ऐकून लिहितो. हा केवढा धाडसी निवेदनप्रकार आहे! आजही वर्गात 'बलुतं' शिकवताना आम्ही स्वतः ही गोष्ट तासाच्या शेवटी, वेळ उरला तर, सांगतो. जातीचे दुःख आणि इलिनॉयमधल्या गोऱ्या शेतकऱ्याचे दुःख यांची तुलना आम्ही करीत नाही. ती करणे अश्लाघ्य ठरेल. तुलना आहे ती आमच्या, वाचकांच्या, आळसाची. सोसलेल्याने लिहिले की आपण त्याला साक्षीदार करतो. साक्षीदाराकडे आपण खरे-खोटे एवढेच पाहतो. तो कसे बोलला, कुठे थांबला, हे विचारण्याची तसदी घेत नाही. यात वरपांगी आदर दिसतो. खोलवर पाहिले तर कलावंत म्हणून त्याला नाकारणेच आहे.

अल्बममध्ये एकूण दहा गाणी आहेत आणि ती सगळीच पहिल्या गाण्याच्या तोडीची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 'हर्टिन (ऑन द बॉटल)' हे सर्वांत गाजलेले गाणे. दारूच्या गुत्त्यात एकत्र म्हणायला झकास, पण त्यातले शब्दांचे खेळ कंट्रीच्या कोठारातले आहेत. 'सिन्स यू पुट मी डाउन'चेही थोडेफार तेच. नमुन्याबरहुकूम बेतलेली ही गाणी आहेत आणि गायिकेचा आवाज चांगला म्हणून ती तरतात. 'फोर इयर्स ऑफ चान्सेस'मध्ये मात्र तालाची पकड अशी आहे की मेम्फिस गावाचे सोल संगीत भिंतींतून झिरपले असावे असे वाटते. 'वीकेंडर'मध्ये ती तुरुंगातल्या शनिवार-रविवारचे वर्णन करते, आणि जामिनापुरतेही पैसे नवऱ्याजवळ नाहीत हे अशा कोरड्या थट्टेने सांगते की पश्चात्तापाची अपेक्षा करणारा श्रोता ओशाळतो.

'धिस टाउन गेट्स अराउंड' याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू. इंग्रजीत एखादी बाई 'गेट्स अराउंड' असे म्हटले की तिच्या चारित्र्यावर शिंतोडा असतो. आपल्याकडे 'चार घरची' म्हणतात त्यातला प्रकार. प्राइस हेच क्रियापद नॅशव्हिल शहराला लावते. करारपत्राचे गाजर दाखवून मुलींशी लगट करू पाहणारे व्यवसायातले पुरुष आणि त्यांचे शहर, हेच चारित्र्यहीन ठरते. एका क्रियापदाचा कर्ता बदलून सगळा आरोप परतवला आहे. २०१५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका रेडिओ-सल्लागाराने कंट्री केंद्रांना जाहीर सल्ला दिला होता की स्त्रियांची गाणी कमी वाजवा, लागोपाठ तर वाजवूच नका. पुरुष गायक ही सॅलडमधली पाने, बायका म्हणजे अधूनमधून घालायचे टोमॅटो. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. प्राइसचा अल्बम त्यानंतर दहा महिन्यांनी आला.

ही गोष्ट आल्यावर आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्हांस मान्य आहे. कोणी म्हणेल, तुम्हीच आता चरित्र आणि परिस्थिती सांगू लागलात. होय. आम्ही चरित्र हद्दपार करा असे म्हणत नाही. संहितेबाहेर काहीच नसते असे मानणाऱ्या समीक्षेचा आग्रह आम्ही कधीच धरला नाही. व्याजदराचा आकडा ठाऊक नसता तर बँकेचे नाव नसणे आम्हांस जाणवले नसते. जुळेपण ठाऊक नसते तर त्याचे गाळणेही दिसले नसते. चरित्र हे गाळलेल्या जागा दाखवणारा दिवा म्हणून उपयोगी पडते. आमची तक्रार त्या दिव्याकडेच पाहत बसणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यांत आम्हीही आलो.

अंगठीविषयीसुद्धा असेच. गहाण पडलेल्या अंगठीतून किती करुणा निर्माण होते यापेक्षा, तिच्या पैशांतून काय विकत घेता आले हे पाहावे. स्टुडिओतला अवघा तीन दिवसांचा अवकाश घेता आला. सन स्टुडिओ ही १९५० साली सॅम फिलिप्स यांनी सुरू केलेली मेम्फिसमधली खोली. एल्विस प्रेस्ली आणि जॉनी कॅश यांची पहिली ध्वनिमुद्रणे तिथली. जागा लहान. तीन दिवसांत दहा गाणी उरकायची तर प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा मुद्रित करून घासत बसण्याची चैन परवडत नाही. सगळ्यांनी एकत्र वाजवायचे आणि बरे साधले की पुढे जायचे. अल्बममध्ये जी जिवंत खडबड ऐकू येते, तिला परीक्षणकार 'अस्सलपणा' म्हणतात; आम्ही तिला तुटपुंज्या पैशांत नीट केलेले काम म्हणू. निर्मितीचे अर्थकारण कलाकृतीच्या रूपबंधात कसे उतरते, याचे हे चांगले उदाहरण आहे. मोठ्या कंपनीने आगाऊ रक्कम दिली असती, तर हा अल्बम अधिक गुळगुळीत झाला असता आणि बहुधा वाईट झाला असता.

शेवटचे गाणे 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट लूझर' केवळ मिनिटभराचे आहे. सारी खेळी एका शब्दावर. इंग्रजीत 'लूझर' म्हणजे हरलेला, आणि गमावणाराही. मराठीत 'हरणे' आणि 'हरवणे' ही क्रियापदे शेजारी बसतात, म्हणून आपल्याला हा खेळ चटकन उमगतो. जगाने मला हरलेली ठरवले तरी चालेल, तुला हरवले तरच मी खरी हरेन, असा त्याचा भाव. आरंभी शेत गमावले जाते आणि अखेरीस गमावण्याचा शब्दच उलटापालटा करून पाहिला जातो. अल्बमची दोन टोके अशी जुळतात. पुढे तिने बरेच केले. २०१९ च्या ग्रॅमीत नवोदित कलावंतासाठी तिचे नामांकन होते, २०२१ मध्ये ती 'फार्म एड'च्या संचालक मंडळावर गेली. दहा वर्षे लोटल्यावरही आम्ही परत जातो ते याच अल्बमकडे.

या वर्षी तोच तास पुन्हा आला. या वेळी शिक्षकाने गायिकेचे नावही सांगितले नाही. गाणे दोनदा वाजवले आणि विचारले, कोण बोलते आहे, आणि तिला काय सांगायचे नाही? बराच वेळ कोणी बोलले नाही. एकाने व्हायोलिनांचा मारा फार झाला, हिंदी सिनेमासारखे वाटते, असे मत दिले. त्यावर थोडा वाद झाला आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मग मागच्या बाकावरची, यवतमाळकडून आलेली एक मुलगी सत्तावन्न डॉलरांविषयी बोलली. तिच्या घरी वडील असेच मोजतात, ती म्हणाली. हाताशी किती आहेत हे ते कधी सांगत नाहीत. कृषिकेंद्राची उधारी फेडल्यावर शून्याला किती कमी पडतील, तेवढा आकडा सांगतात आणि उठून बाहेर जातात. शिक्षकाने तिला विचारले की हे वाक्य मराठीत गाण्यात घालायचे तर ती कसे घालील. तिने वहीत काहीतरी लिहिले, खोडले, आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती अजून तेच खोडत होती.